दम म्हणजे वेग नव्हे

भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातल्या करडीसारख्या गावात पहाटे रस्त्यावर पोरंपोरी धावताना दिसतात. पोलीस भरतीसाठी मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. कुणात किती दम, ते घड्याळ ठरवतं. ध्रुवीय मोहिमांनाही आपण हेच घड्याळ लावतो. अंटार्क्टिकाला जायचं तर धावपटूची छाती आणि पैलवानाचे खांदे हवेत. वैशाखात पंचेचाळीस अंशांत भाजणाऱ्या भंडारेकरांचं ते काम नव्हे, असा हा पूर्वपक्ष.

तो अगदीच निराधार नाही. 1992-93 मध्ये रॅनल्फ फाइन्स आणि डॉ. माइक स्ट्राउड यांनी दोनशे किलोंहून जड स्लेज ओढत 95 दिवस अंटार्क्टिका तुडवलं. चढाच्या काही दिवसांत स्ट्राउड यांच्या शरीराने दिवसाला सुमारे 11,000 कॅलरी जाळल्याचं मोजमाप आहे. पोटात जात होत्या त्याच्या निम्म्याच. दोघांचंही वजन वीस किलोंहून अधिक घटलं. श्रम अफाट, हे कबूल. पण निघताना फाइन्स 48 वर्षांचे होते, हेही लक्षात घ्या.

श्रम अफाट असले तरी ते दिवसभरात वाटलेले असतात. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त जितका प्राणवायू वापरू शकतं, त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावरच माणूस आठ-दहा तास काम करू शकतो. ज्याची कमाल तीन लिटर, त्याने एक लिटरच्या आसपास राहायचं. एका लिटरमागे सुमारे पाच कॅलरी जळतात, म्हणजे दहा तासांत तीन हजार. कमाल मोठी असेल तर तेच ओझं हलकं वाटतं, म्हणून धावण्याचा सराव वाया जात नाही. पण ती कमाल गाठीला ठेवायची पुंजी आहे. रोज उधळली तर माणूस आठवड्यात बसतो. शिवाय बर्फात जोर केला की घाम येतो, कपडे आतून भिजतात आणि थांबताच तीच ओल अंग गारठवते. तिथे हळू चालणं हेही कौशल्यच.

मग ताकदीचं काय? ब्रिटिश मोहीमप्रमुख स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या तुकडीत सर्वांत धिप्पाड एडगर इव्हान्स. परतीच्या वाटेवर, 17 फेब्रुवारी 1912 रोजी, पाच जणांत पहिला तोच गेला. हाताची जखम होती, पडून मारही लागला होता. पण शिधा सर्वांना सारखा आणि मोठ्या देहाची भूक मोठी, हेही एक कारण मानलं जातं. सर्वांत बुटका बॉवर्स शेवटच्या तंबूपर्यंत चालला.

आता याच्या उलट टोकाचं म्हणणं ऐका: हेलिकॉप्टर, बर्फावरच्या गाड्या आल्या, मग तंदुरुस्ती कशाला? तेही फोल. यंत्र हिमवादळात अडतं, तेव्हा फावडं हातातच घ्यावं लागतं. म्हणूनच भारतीय मोहिमेच्या सदस्यांची वैद्यकीय तपासणी होते आणि औलीला भारत-तिबेट सीमा पोलीस त्यांना बर्फावर चालणं, हिमभेगेतून माणूस वर काढणं शिकवतात. तिथे विक्रमवीर घडवत नाहीत. थकल्यावरही ज्याचं डोकं ठिकाणावर राहील असा माणूस घडवतात.

राहिला उन्हात भाजणाऱ्यांचं हे काम नव्हे, हा मुद्दा. आपल्या धानाच्या बांधीत रोवणीचा दिवस बघा. गुडघ्याखाली चिखल, प्रत्येक पाऊल उपसून काढायचं, कंबर वाकलेली. जी बाई पहिल्या तासाला झपाटा लावते, ती दुपारी बांधावर टेकते. जाणती बाई एकाच लयीत संध्याकाळ गाठते. रोवणी करणारी उद्या स्लेज ओढेल, असं मी म्हणत नाही. थंडीची आणि बर्फाची विद्या वेगळी, ती शिकावीच लागते. पण लय राखण्याचा धडा करडीच्या पोरांना घरातच मिळू शकतो.

म्हणून पोरांनो, 1600 मीटर जरूर पळा. पण आठवड्यातून एकदा घड्याळ घरी ठेवून, पाठीवर ओझं घेऊन चार तास असं चाला की बोलताना धाप लागू नये. 1983-84 च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत अंटार्क्टिकावर पोहोचलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत यांचा जन्म नागपूरचा. नागपूर भंडाऱ्याहून साठेक किलोमीटर आहे, आणि ऊन दोन्हीकडे सारखंच.