नादाची आणि फुशिमीची

२७. ‘नादाची पुरुषी, फुशिमीची बायकी’ : साकेची ही जुनी जपानी विभागणी लेखकाने गृहीतच धरली आहे, म्हणून खुलासा. नादा हा कोबे-निशिनोमियाचा किनारपट्टा. फुशिमी क्योतोच्या दक्षिण भागात. फरक मुख्यतः पाण्याचा. निशिनोमियाच्या विहिरींचे ‘मियामिझु’ जड, क्षारयुक्त. त्यात यीस्टला जोर चढतो, कोजी बुरशीने तांदळातल्या पिष्टातून केलेली साखर ते झपाट्याने संपवते आणि साके कोरडी, करकरीत उतरते. फुशिमीचे पाणी त्यामानाने हलके. आंबणे संथ, साके मऊ, किंचित गोडसर. (पुरुषी-बायकी हे शब्द आज खटकतील, पण ते तिथलेच आहेत.) दोन्ही शेजारी ठेवून, फार गार न करता, घोट घोट प्यावी, फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या साकेत हा फरक दबून जातो. लेखकापुढे आलेला ‘निळ्या डोळ्यांचा पेला’ म्हणजे चव पारखण्याचा पांढरा चिनी मातीचा पेला. त्याच्या तळाशी एकात एक दोन निळी वर्तुळे असतात. पांढऱ्यावर साकेचा रंग दिसतो, निळ्याच्या कडेवर गढूळपणा. या नक्षीला जपानीत ‘जानोमे’, म्हणजे सापाचा डोळा, म्हणतात.