सर्दी ओसरल्यानंतर

३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊनला ख्रिश्चन बर्नार्डांनी लुई वॉश्कान्स्कींच्या छातीत दुसऱ्याचं हृदय बसवलं. अठराव्या दिवशी ते गेले. हृदय चालत होतं. न्यूमोनियाने घात केला. शरीराने परकं हृदय नाकारू नये म्हणून त्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबली होती. मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात मी तंत्रज्ञ होते. तिथे बसून पाहताना प्रत्यारोपणाचा इतिहास मला शस्त्रक्रियागृहापेक्षा फुफ्फुसांत जास्त घडलेला दिसला.

दुर्बिणीतून फुफ्फुस धुऊन काढलेलं पाणी आमच्याकडे येई. सिल्व्हर स्टेन केला की न्यूमोनिया करणारा न्यूमोसिस्टिस दिसे, चेपलेल्या चेंडूंसारखा, काळा. १९०९ मध्ये ब्राझीलच्या कार्लोस शागास यांनी तो पाहिला, पण ट्रिपॅनोसोमची एक अवस्था समजून. १९१२ मध्ये पॅरिसच्या डेलानोए दांपत्याने तो वेगळा जीव ठरवला. ती बुरशी आहे, हे १९८८ मध्ये जनुकीय तपासणीतून कळलं. औषध त्याच्या आधीच सापडलं होतं. १९७७ मध्ये मेम्फिसच्या वॉल्टर ह्यूज यांनी कर्करोग झालेल्या मुलांना को-ट्रायमॉक्सॅझोल आधीपासून देऊन हा न्यूमोनिया रोखून दाखवला. मूत्रपिंड बदललेल्यांच्या रोजच्या गोळ्यांत पुढे तेच औषध सेप्ट्रान या नावाने आलं. इतकी स्वस्त गोळी, आणि तिने वाचवलेले इतके जीव! तिचा इतिहास कुणी अभिमानाने सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

कित्येकदा बुरशीच्या आधी विषाणू येऊन गेलेला असतो. सायटोमेगॅलो विषाणू आपल्याकडे बहुतेक प्रौढांच्या अंगात सुप्त असतो. प्रत्यारोपणानंतरच्या औषधांमुळे तो उठतो, उरलीसुरली प्रतिकारशक्ती आणखी कमी करतो, आणि मागून न्यूमोसिस्टिस किंवा अ‍ॅस्परजिलस ही दुसरी बुरशी शिरते. फ्लू आणि करोना श्वासनलिकेचं अस्तरच सोलून काढतात, आणि बुरशीला वाट मिळते.

२०२१ मध्ये करोनानंतरचे नमुने केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) टाकून पाहताना हात थांबत नव्हता. बारीक, पडदे असलेले, तिरके फुटणारे धागे म्हणजे अ‍ॅस्परजिलस. रुंद, पडदे जवळजवळ नसलेले, काटकोनात फुटणारे म्हणजे म्युकर, दुसरी एक बुरशी. रिपोर्ट लेखी जाण्याआधी आम्ही वॉर्डात फोन करायचो, कारण म्युकरमध्ये दिवस नव्हे, तास मोजावे लागतात.

तुमच्या घरात कुणाचं प्रत्यारोपण झालं असेल, तर एवढं करा. सर्दीताप उतरल्यावर पुन्हा खोकला, धाप किंवा ताप आला, तर ‘व्हायरल आहे, जाईल’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना कळवा.