न जुळणारे हाड, वाहणारी जखम : आधी शुद्धी, मग जोडणी

बीड : दसरा-दिवाळीनंतर धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार आदी तालुक्यांतील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात स्थलांतर करतात. रात्रीचा प्रवास आणि उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वाहतूक यांमुळे अपघाताचे सावट त्यांच्यावर कायम असते. अशा अपघातात नडगीचे हाड मोडून कातडीबाहेर आले, तर काही रुग्णांत कित्येक महिने उलटूनही ते जुळत नाही आणि जखमेतून पू वाहत राहतो. पाय कापावाच लागणार, अशी धास्ती घरचे घेतात. मात्र टप्प्याटप्प्याने केलेल्या शस्त्रक्रियांनी असे अनेक पाय वाचू शकतात.

हाड का जुळत नाही?

नडगीच्या हाडाची आतली बाजू थेट कातडीखाली असते. तेथे स्नायूंचे आवरण नसल्याने जखम झाली की हाड उघडे पडते. घोट्याकडील भागात रक्तपुरवठाही कमी असतो. मातीतील जंतू आत शिरले, की रक्तपुरवठा तुटलेला हाडाचा तुकडा मृत होतो. प्रतिजैविके रक्तावाटे पोहोचतात. रक्तच न पोहोचणाऱ्या तुकड्यात ती निष्प्रभ ठरतात. रॉड, प्लेट व स्क्रूवरही जंतूंचा चिवट थर साचतो. त्यामुळे गोळ्या घेतल्या की पू थांबतो आणि बंद केल्या की पुन्हा वाहू लागतो. मधुमेह, तंबाखू, विडी आणि कुपोषण यांमुळे हाड जुळणे आणखी लांबते.

शस्त्रक्रियेचे टप्पे

पहिला टप्पा शुद्धीचा. सर्व मृत हाड आणि सडलेले मांस काढून टाकले जाते; संसर्ग झालेला रॉड वा प्लेट बहुधा काढावी लागते. आतील भागाचे अनेक नमुने प्रयोगशाळेत पाठवून कोणते जंतू आहेत व कोणते औषध लागू पडेल, हे ठरविले जाते. पोकळीत प्रतिजैविकमिश्रित सिमेंट भरण्याचीही पद्धत आहे. कातडी नसल्यास प्लास्टिक सर्जन स्नायूचे आवरण देतात.

दुसरा टप्पा जोडणीचा. पोकळी लहान असल्यास कमरेचे हाड काढून तेथे भरतात. फ्रान्सचे शल्यचिकित्सक मास्केले यांच्या पद्धतीत सिमेंटभोवती सहा ते आठ आठवड्यांत जे पातळ आवरण तयार होते, त्यात हे हाड भरले जाते.

पोकळी मोठी असल्यास इलिझारोव्ह पद्धत उपयोगी पडते. सोव्हिएत रशियातील कुर्गान येथील डॉ. गावरिल इलिझारोव्ह (१९२१-१९९२) यांनी ती १९५० च्या दशकात विकसित केली. इटलीचे गिर्यारोहक कार्लो माउरी यांच्या अनेक वर्षे न जुळलेल्या पायावर १९८० मध्ये त्यांनी उपचार केले. त्यानंतर ही पद्धत पाश्चात्त्य देशांत पोहोचली.

यात पायाभोवती धातूच्या रिंगा बसवून त्या ताणलेल्या तारांनी हाडाला जोडतात. निरोगी भागात हाड कापून, साधारण आठवडाभरानंतर तो तुकडा रोज एक मिलिमीटर, तोही चार वेळा पाव-पाव मिलिमीटर, पोकळीकडे सरकवला जातो. मागे पडणाऱ्या फटीत नवे हाड तयार होते. पाच सेंटिमीटरसाठी सुमारे ५० दिवस लागतात. ते पक्के होण्यास त्याहून अधिक काळ जातो. डॉक्टरांच्या सल्ल्याने रुग्ण रिंगांसह आधार घेऊन चालू शकतो. तारांजवळ संसर्ग, गुडघा-घोटा आखडणे, वेदना, पुन्हा शस्त्रक्रिया हे धोके मात्र राहतात.

अर्धवट उपचार घातक

या उपचारांना अनेक महिने, कधी वर्षही लागते. मुकादमाकडून उचल घेतलेल्या मजुराला एक हंगाम बुडणे परवडत नाही, आणि बहुतेकदा येथेच उपचार तुटतात. पू थांबला म्हणजे हाड जुळले, असे नव्हे. म्हणूनच किती शस्त्रक्रिया, किती महिने, किती खर्च, हे डॉक्टरांना आधीच विचारून घरच्यांनी नियोजन करावे.

जिल्ह्यात अंबाजोगाई येथे १९७४ पासून स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतील रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे विचारता येते.

मुळात ही वेळ टाळणे महत्त्वाचे. हाड उघडे पडल्यास जखमेवर माती, हळद वा लेप लावू नये. स्वच्छ कापडाने झाकून, पायाला फळीचा आधार देऊन १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हाड बसविणाऱ्याकडे पाय ओढून घेऊ नये. पहिल्या काही तासांत मिळालेली प्रतिजैविके व जखमेची शुद्धी पुढची कित्येक महिन्यांची फरफट वाचवू शकते.