शोध

'शोध' हा शब्द संस्कृत 'शुध्' धातूपासून आला. त्याचा अर्थ स्वच्छ होणे. आयुर्वेदात पाऱ्याचे आधी शोधन, मगच औषध. मराठीत मळ काढण्याचा हा अर्थ मागे पडला आणि हुडकणे तेवढे उरले. पनवेलमध्ये जमीन घेणाऱ्याचा वकील दुय्यम निबंधकाकडचे जुने दस्त चाळतो, सातबारा आणि फेरफार पाहतो, तेव्हा मात्र दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. सर्च घ्यायचा तो टायटल 'क्लिअर' आहे का हे कळावे म्हणूनच!

शोधपत्रकारिता याच जातीची. 1981 मध्ये अरुण शौरी यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'मधून तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रतिष्ठानला मिळालेल्या बिल्डरांच्या देणग्या आणि सिमेंटचा कोटा यांची सांगड दाखवली. सिमेंट तेव्हा सरकारी नियंत्रणात होते, म्हणून तर कोट्याला एवढा भाव. जानेवारी 1982 मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. 'भांडाफोड' हा मथळ्याचा लाडका शब्द, पण त्यात नुसता आवाज आहे. दस्त चाळण्याची चिकाटी नाही.

2018 मध्ये खारघरला कोयना प्रकल्पग्रस्तांना दिलेली जमीन बिल्डरकडे गेल्याचे आरोप झाले. व्यवहाराला स्थगितीही मिळाली. तिथेही प्रश्न कागदाचेच होते: वाटप कधी, विक्री कधी, किंमत किती.