पिंजऱ्याबरोबर कोण होते?

मसाल्याची वाट, रेशमाची वाट यांच्या कथा आपण शाळेत वाचतो. माकडांचीही अशीच एक वाट होती. तिची आठवण सहसा कुणी काढत नाही. ती उत्तर हिंदुस्थानातल्या गावांतून निघे आणि समुद्रापलीकडच्या प्रयोगशाळांत जाऊन संपे. शास्त्रज्ञ ज्याला ऱ्हीसस म्हणतात, ते लाल तोंडाचे माकड या वाटेचे प्रवासी. आपल्या सह्याद्रीतली माकडे त्याची भाऊबंद खरी, पण जातीने निराळी.

१९३८ साली अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाचे क्लॅरेन्स रे कार्पेंटर हे अभ्यासक हिंदुस्थानात आले. सुमारे ५०० माकडे त्यांनी जमवली आणि बोटीने प्वेर्तो रिकोकडे नेली. प्रवास कित्येक आठवड्यांचा. परंतु हा विद्वान गृहस्थ माकडे बोटीवर चढवून परत फिरला नाही. त्यांच्याबरोबर स्वतः गेला. कायो सांतियागो नावाच्या लहानशा बेटावर ४०९ माकडे सोडण्यात आली. त्यांचे वंशज तेथे आजही नांदत आहेत.

पुढे काळ बदलला. पोलिओचा विषाणू मज्जातंतूंखेरीज इतर पेशींतही वाढतो, हे १९४९ साली एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी दाखवले. पिट्सबर्ग विद्यापीठात जोनास साल्क यांनी माकडांच्या मूत्रपिंडांतील पेशींवर विषाणू वाढवून लस सिद्ध केली. झाले! माकडांना एकाएकी मागणी आली. माकडे विमानाने जाऊ लागली. अमेरिकेत पोचल्यावर त्यांना सावरण्यासाठी दक्षिण कॅरोलायनात ओकाटी येथे खास ठाणेही होते. आठवड्यांचा प्रवास दिवसांवर आला, पण वाट मात्र तुकड्यातुकड्यांची झाली. पकडणारा एक, खोक्यात भरणारा दुसरा, विमानात चढवणारा तिसरा, उतरवून घेणारा चौथा. प्रत्येकाने आपले काम केले की तो मोकळा.

जानेवारी १९५५ मध्ये लंडनच्या विमानतळावर एका गाडीत कोंडलेली जवळजवळ ४०० माकडे गुदमरून मेली. ती रोगाने मेली नाहीत की प्रयोगानेही नाही. हवा मिळाली नाही, एवढेच. अवघ्या तीन महिन्यांनी, १२ एप्रिल १९५५ रोजी, साल्क यांची लस सुरक्षित आणि गुणकारी असल्याचे जाहीर झाले आणि जग आनंदले. तो आनंद खोटा नव्हता. माझ्या बरोबरीच्या मुलांत पोलिओने पाय लुळे झालेली मुले होती. त्यामुळे त्या लशीला नावे ठेवण्याचे माझ्या मनातही येणार नाही. पण त्या ४०० जिवांच्या मरणाने एकाही मुलाचा पाय वाचला नाही, हेही तितकेच खरे.

भारत सरकारने त्या वर्षी काही काळ निर्यात बंद केली आणि माकडे वैद्यकीय कामासाठीच वापरली जातील, अशा अटींवर ती पुन्हा सुरू केली. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस वर्षाकाठी एक लाखाहून अधिक माकडे बाहेर जात होती. पुढे हा आकडा उतरत गेला. अमेरिकेत काही माकडांवर अण्वस्त्रांच्या संदर्भात किरणोत्साराचे प्रयोग झाल्याचे उघड झाले, आणि मोरारजी देसाई यांच्या सरकारने १ एप्रिल १९७८ पासून निर्यात कायमची थांबवली.

त्याच १९७८ साली प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम झाले. त्यांत माकडांसाठी वेगळे प्रकरण आहे. ९१० मिलिमीटर लांब, ७६० रुंद आणि ५१० उंच पिंजऱ्यात १.८ ते ३ किलो वजनाची १२ माकडेच ठेवावीत, १.८ किलोपेक्षा हलके, म्हणजे अंगावर पिणारे पिल्लू, खास परवानगीवाचून नेऊ नये. एका भागातली माकडे दुसऱ्या भागातल्या माकडांत मिसळू नयेत. वाचायला रुक्ष आहे खरे. पण मला हे प्रकरण वाचताना रुक्ष वाटले नाही. माणसाला 'बाबा रे, यांनाही श्वास लागतो' हे मिलिमीटरमध्ये लिहून सांगावे लागले, तोही इतिहासच आहे.

२७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त ठरला. त्या यशाच्या जमाखर्चात प्रयोगशाळेतला खर्च लिहिला जातो. वाटेवरचा राहून जातो. पिंजऱ्याचे माप ठरवून दिले, हे चांगलेच झाले. पण मापाबरोबर माणूसही हवा. आज कुठल्याही विद्यापीठात एखादा मुका जीव एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत न्यायचा असला, तरी आधी एवढेच विचारावे: दार उघडेपर्यंत याच्याबरोबर कोण आहे?