नाताळ : एका शब्दाचे कुळ आणि मूळ

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपण आपल्या सणांचा आढावा घेत आहोत. त्यात डिसेंबरअखेरच्या एका सणाचाही विचार व्हावा, असे आम्हांस वाटते. कॅम्प-१ मध्ये नाना प्रांतांची कुटुंबे शेजारी नांदतात. २५ डिसेंबरला हिंदीभाषक शेजारी ‘बडा दिन’ म्हणतात, शाळेतून मुले ‘ख्रिसमस’ हा शब्द आणतात. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी मात्र ‘नाताळ’ होता. तो मागे पडला, तर त्याच्याबरोबर मराठी मुलखाच्या इतिहासाचे एक पानही मागे पडेल.

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्याचे मूळ लॅटिन भाषेत असून अर्थ ‘जन्मासंबंधीचा’ असा आहे. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला, १५३४ साली वसई त्यांच्या हाती गेली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. तेथील सत्ता गेली, पण शब्द राहिले. पाव, बटाटा, चावी, पगार हे त्याच घराण्यातले. भिलाईच्या बांधकामावर डोक्यावरून वाहिलेले घमेलेही त्यांचेच भावंड. इंग्रजी ‘ख्रिसमस’ म्हणजे ख्रिस्ताची उपासना. त्यातील ‘मस’ आणि मराठी कॅथलिकांचा ‘मिस्सा’ हे एकाच लॅटिन शब्दापासून झाले आहेत.

येशूच्या जन्माची तिथी बायबलात दिलेली नाही. २५ डिसेंबरला हा सण रोममध्ये पाळला जात असल्याची सर्वांत जुनी नोंद इसवी सन ३३६ ची आहे. हाच दिवस का निवडला, याविषयी विद्वानांत दोन मते आहेत. रोमन परंपरेत तो सूर्य उत्तरेकडे वळण्याचा दिवस होता, म्हणून तो घेतला, असे काही म्हणतात. २५ मार्च हा गर्भधारणेचा दिवस धरून पुढे नऊ महिने मोजले, असे इतरांचे म्हणणे. आपल्याला यात एक ओळखीची खूण दिसेल. त्याच सुमारास, म्हणजे सुमारे सतराशे वर्षांपूर्वी, आपली मकरसंक्रांत आणि प्रत्यक्ष उत्तरायणाचा आरंभ जुळत होता. पुढे अयनचलनामुळे संक्रांत जानेवारीच्या मध्यावर सरकली. सूर्य परतण्याचा आनंद मात्र दोन्हीकडे सारखाच.

चालीरीतींचेही असेच आहे. गव्हाणीतील बाळाचा देखावा संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेचो गावी मांडला. सजविलेले झाड जर्मन प्रदेशातून आले. सांताक्लॉज हा मूळचा चौथ्या शतकातील धर्माध्यक्ष संत निकोलस. डच लोकांनी त्याला अमेरिकेत नेले आणि तेथे त्याला आजचे नाव मिळाले. गोव्यातील नाताळाच्या फराळात ‘नेवरी’ असते. ती आपली करंजीच होय.

मराठीने हा सण केवळ उसना घेतला नाही, त्याला आपले रूपही दिले. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध केले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले आहे. तीन शतकांनंतर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तन आणले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

आपल्या गावाशी या कथेचा आणखी एक धागा जुळतो. १९५५ च्या करारानंतर सोव्हिएत तंत्रज्ञ भिलाईस आले. त्यांच्या देशात चर्चचे सण सरकारी दिनदर्शिकेतून वगळले होते. सजविलेले झाड १९३५ च्या अखेरीस नववर्षाचे म्हणून परतले. जुन्या पंचांगानुसार चालणारे रशियन चर्च हा सण आपल्या ७ जानेवारीला पाळते. त्याच्या रशियन नावाचा अर्थही ‘जन्म’ असाच आहे.

असे हे एका शब्दाचे कुळ. परप्रांतात मराठी टिकवायची, तर ती केवळ व्यासपीठावर टिकत नाही. ती घरातल्या रोजच्या शब्दांत टिकते. म्हणून येत्या डिसेंबरात शेजाऱ्यांना ‘बडा दिन मुबारक’ अवश्य म्हणावे, आणि घरी मुलांना ‘नाताळ’ हा शब्द त्याच्या गोष्टीसह सांगावा, इतकीच आमची विनंती.