पोर्चमधली फियाट

'डुक्कर फियाट' म्हटले की आजची तिशीतली मुले हसतात. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वी मुंबई-पुण्यात हा शब्द हेटाळणीचा नव्हता. तो लाडाचा होता. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने १९५४ च्या सुमारास 'फियाट ११००' ही मोटार आपल्याकडे आणली. इटलीत ती जेमतेम वर्षभर आधी, १९५३ मध्ये आली होती. फुगीर नाकाडासारखे बॉनेट, गोलसर पाठ आणि उलटे उघडणारे पुढचे दरवाजे. लोकांनी तिला पाहिले आणि नाव ठेवून टाकले. गंमत म्हणजे, याच कंपनीच्या त्याआधीच्या छोट्या 'फियाट ५००' ला इटलीतले लोक 'तोपोलिनो', म्हणजे पिटुकला उंदीर म्हणत. इटालियनांनी थोरलीला उंदीर म्हटले, आपण धाकटीला डुक्कर म्हटले. नावे ठेवण्यात आपण कुणाला हार गेलेलो नाही!

आज मला बोलायचे आहे ते या छोट्या गाड्यांच्या एका वेगळ्याच इतिहासाबद्दल. कारखान्याचा इतिहास लिहिला जातो, मालकाचा लिहिला जातो. पण गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यावर पुढची चाळीस-पन्नास वर्षे ज्यांनी ती घराच्या अंगणात, पोर्चमध्ये, झाडाखाली पुन:पुन्हा खोलली आणि जोडली, त्यांचा इतिहास कुठे सापडत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ सालची. संस्थापक सोलापूरचे वालचंद हिराचंद. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी हिंदुस्थानात झाल्या पाहिजेत, या ध्यासाने झपाटलेला हा माणूस. सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार होता, त्यामुळे कुर्ल्यात डॉज आणि प्लिमथसारख्या मोठ्या गाड्या जोडल्या जात. १९५३ मध्ये वालचंद गेले. ज्या छोट्या गाडीने त्यांच्या कंपनीचे नाव घरोघर नेले, तिचा जमाना पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

त्याच १९५३ मध्ये सरकारचे मोटारविषयक धोरण ठरले. ज्यांना इथे सुटे भाग बनवून टप्प्याटप्प्याने गाडी तयार करायची असेल त्यांनीच थांबावे, नुसती परदेशी भागांची जोडणी चालणार नाही. मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये निघून गेली. फोर्डनेही गाशा गुंडाळला. उरल्या मुख्यत: तीन गाड्या: कलकत्त्याची हिंदुस्थान, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईची फियाट. पुढची तीस वर्षे मध्यमवर्गीय माणसाला निवड करायची ती या तिघींतून. तीही पैसे भरून, नंबर लावून, कित्येक वर्षे वाट पाहून.

इतकी वाट पाहून मिळालेली गाडी कोण मोडीत काढणार? ती वडिलांकडून मुलाकडे जायची. इंजिन थकले की नवे इंजिन घेणे हा पर्याय बहुतेकांना नव्हताच. मग 'बोअरिंग' करायचे. या फियाटच्या इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. गुणाकार केला की १०८९ घन सेंटिमीटर हा तिचा प्रसिद्ध आकडा मिळतो. पिस्टन वरखाली होऊन सिलिंडर झिजला की वर्कशॉपमध्ये तो अगदी किंचित मोठा कापून घ्यायचा आणि तेवढ्याच मोठ्या मापाचा पिस्टन नव्या रिंगांसह बसवायचा. असे दोन-तीनदा करता येते. भिंत फार पातळ झाली की आत नवी नळी, म्हणजे स्लीव्ह ठोकायची आणि पुन्हा मूळ मापावर यायचे. तत्त्वत: हे इंजिन मरतच नाही.

मरते ते शरीर. फियाट ११०० ला वेगळी चासी नव्हती. जुन्या गाड्यांत खाली लोखंडी सांगाडा आणि त्यावर पत्र्याची पेटी असे. इथे पत्र्याचे कवच हाच सांगाडा. त्यामुळे गाडी हलकी झाली, पेट्रोल वाचले. पण कोकणातला नाहीतर मुळशीतला पाऊस काही वर्षे खाल्ला की दाराखालचा पत्रा आणि पायाखालची फरशी सडायला लागते. फरशी गेली की गाडीचा कणाच गेला. म्हणून फियाट सांभाळणाऱ्या माणसाचा खरा दोस्त इंजिनवाला मिस्त्री नसतो, पत्रेवाला असतो.

पुण्याच्या परिसरात हे काम घरी होऊ शकले याला कारण आहे. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून होती. साठच्या दशकात मुंढव्याला भारत फोर्ज, आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को आले. भोसरी औद्योगिक वसाहतीत छोट्या छोट्या शेडमधून लेथ फिरू लागले. म्हणजे दर दोन-चार घरांआड एक फिटर, टर्नर नाहीतर टूलरूमवाला राहत होता. कारखान्यात दिवसभर शंभरांश मिलिमीटर मोजणारा माणूस रविवारी स्वत:च्या नाहीतर शेजाऱ्याच्या गाडीखाली शिरत असे. भाग हवा असेल तर नाना पेठेतली दुकाने, बुधवार-रविवारचा जुना बाजार. तिथेही नाही मिळाला तर कुर्ल्याची वारी. तिथेही नाही मिळाला तर नमुना लेथवाल्यापुढे ठेवायचा आणि म्हणायचे, 'असाच एक काढून दे.'

काहींची हौस दुरुस्तीपुढे गेली. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वत:च्या कल्पनेने 'मीरा' नावाची छोटी मोटार बनवायला घेतली. औपचारिक शिक्षण थोडे, पण वर्षानुवर्षे त्यांनी एकामागून एक सुधारित नमुने केले आणि रस्त्यावर चालवून दाखवले. मोठ्या प्रमाणावर उत्पादन मात्र कधी झाले नाही. परवान्यांच्या त्या काळात एकट्या माणसाच्या मोटारीला वाट मिळणे कठीणच होते.

इंग्लंडमध्ये त्याच सुमारास काय चालले होते पाहा. १९४८ मध्ये कॉलिन चॅपमन या तरुणाने जुनी 'ऑस्टिन सेव्हन' ही छोटी गाडी घेतली, मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजात ती सोडवली आणि तिच्यावर शर्यतीची गाडी उभी केली. तीच पहिली 'लोटस'. पुढे या नावाच्या गाड्यांनी जगातल्या मोठमोठ्या शर्यती जिंकल्या. इटलीत कार्लो अबार्थने छोट्या फियाटना असा काही वेग दिला की त्याचे नाव आजही फियाटच्या वेगवान गाड्यांवर झळकते. तिकडे छोटी गाडी घरी बदलली जात होती ती वेगासाठी. आपल्याकडे ती बदलली गेली टिकण्यासाठी. आपले नाते अधिक जवळचे आहे ते क्यूबाशी. तिथे अमेरिकी बंदीनंतर पन्नासच्या दशकातल्या मोटारी रशियन इंजिने घालून आजवर चालवल्या गेल्या.

आता बावधनबद्दल. चांदणी चौकाच्या या अलीकडे-पलीकडे मी बरीच वर्षे राहतो. मुळशी तालुक्यातले हे गाव डोळ्यांदेखत शहर झाले. बावधन खुर्द आधीच पुणे महापालिकेत गेले होते, बावधन बुद्रुक २०२१ मध्ये गेले. चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटाने पाडला गेला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवी पुलांची जाळी खुली झाली. पण जुन्या प्लॉटांवरच्या बंगल्यांना अजून पोर्च आहेत, आणि माझ्याही पोर्चमध्ये सत्तरच्या दशकातली एक 'प्रीमिअर पद्मिनी' आहे. हीच आपली फियाट. इटालियन कंपनीशी करार संपल्यावर १९७४ पासून तिला चितोडच्या राणीचे नाव मिळाले. कागदावर पद्मिनी, तोंडात मात्र फियाटच.

ती मी सोडवायला घेतली तेव्हा ड्रायव्हरच्या पायाखालचे मॅटिंग उचलले. खाली फरशीला वीतभर लांबीचा एक चौकोनी तुकडा रिव्हेट मारून बसवलेला होता. पॉलिश पेपर मारल्यावर त्यावर पुसट अक्षरे दिसली. वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा! कुणीतरी, कधीतरी, घरातला रिकामा डबा कापून, कडा नीट दुमडून, एकसारख्या अंतरावर सोळा रिव्हेट मारून गाडी वाचवली होती. गाडीत आणखीही बरेच निघाले. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर. पंख्याला दुसऱ्याच गाडीची विजेवरची मोटर. स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्याचा एक सांधा लेथवर काढलेला, मूळ भागापेक्षा जाड.

आता प्रश्न असा, की मूळ गाडी म्हणजे कोणती? १९७० च्या दशकात कुर्ल्याहून निघाली ती, की आज पोर्चमध्ये उभी आहे ती?

हा प्रश्न नुसता तात्त्विक राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वारसा गाड्यांसाठी पहिल्यांदाच वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, कवच किंवा इंजिनात मोठा फेरबदल न केलेली दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, देखभाल अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणायची. ज्यांना गाडी रोज चालवायची आहे त्यांनी नेहमीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचे. पंधरा वर्षांवरील मोटारीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५ हजार रुपये झाले. वीस वर्षांवरील मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १० हजारांवर गेले. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच. नोंदणी पुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला मनाला येईल तसा करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितले.

हे नियम निष्कारण आलेले नाहीत. वाट्टेल ते इंजिन कोंबलेली, ब्रेक मात्र जुनेच ठेवलेली गाडी चांदणी चौकाच्या उतारावर कुणाला नको आहे. जुन्या गाडीला धूर शुद्ध करणारी यंत्रणा नसते हेही खरे. माझा मुद्दा एवढाच, की 'मूळ स्वरूप' ही कसोटी युरोपातल्या संस्थानिकी गॅरेजांना शोभते. तिथे भाग मिळत होते, पैसा होता, गाडी आच्छादनाखाली झोपून राहिली. आपल्याकडे जी न बदलता राहिली ती बहुधा चालली नाही, आणि जी चालली ती बदलली. आजही बदल थांबलेला नाही. २००० मध्ये पेट्रोलमधले शिसे गेले. त्या शिशाचा आधार असलेल्या जुन्या इंजिनांना कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवणे हा त्यावर उपाय. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. आता जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर बदलायला हवेत. हे छोटे बदल नियमात बसतात. पण गाडी जिवंत ठेवणे म्हणजे ती बदलत राहणे, हे त्यातून कळते.

आणि वेळ थोडा उरला आहे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पद्मिनीचा उतार सुरू झाला. नव्या शतकाच्या तोंडावर तिचे उत्पादन थांबले. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. वीस वर्षांची वयोमर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर भाग निघत होते, मिस्त्री पोट भरत होते. आता ज्यांना हाताच्या अंदाजाने या गाडीचा कार्बोरेटर लावता येतो ती माणसे सत्तरीत आहेत. त्यांच्या मुलांनी हे काम शिकलेले नाही, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा?

तुपाच्या डब्याचा तो पत्रा मी काढला. ती जागा माझ्या आणि शेजारी बसणाऱ्याच्या जिवाची आहे, तिथे नीट जाडीचा पत्रा वेल्डिंग करून घेतला. पण तो तुकडा टाकला नाही. तेल लावून, त्यावर तारीख लिहून ठेवला आहे. शिवाय एक वही केली आहे. काय काढले, काय बसवले, जुना भाग कुणाच्या हातचा दिसत होता, नवा कुणी केला, किती मापाचा, हे सगळे त्यात आहे. वही लिहिताना पत्रेवाल्याला त्याचे पूर्ण नाव विचारले, तर तो म्हणाला, 'साहेब, बिलावर दुकानाचं नाव असतंय, माझं कशाला?'

तेवढ्याचसाठी, मंडळी. कारखान्याच्या दप्तरात गाडीच्या जन्माची नोंद असते, आरटीओच्या पुस्तकात मालकांची नावे असतात. तिला पन्नास वर्षे जगवणाऱ्याचे नाव मात्र कुठेच नसते. तुमच्या आळीत, गावात एखादी जुनी फियाट, स्टँडर्ड किंवा लॅम्ब्रेटा कुणी उघडत असेल, तर त्याला एक शंभर पानी वही नेऊन द्या. गाडी पुढे मूळ ठरो न ठरो, वही मूळच राहील.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)